आळीची सवाष्ण

पुरण शिजताना येणारा वास मला आता सहन होत नाही. लोक त्या वासाने खूश होतात, मी खिडक्या उघडत सुटते. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडा, जायफळ यांत वाईट काहीच नाही, हे मलाही कळतं. पण त्या वासात मी एका बाईचा घामाने थबथबलेला चेहरा पाहिला आहे, आणि त्या चेहऱ्यासमोर हात जोडून उभ्या राहिलेल्या शिकल्यासवरल्या बायका पाहिल्या आहेत. त्यांत माझी सासूही होती. पुढे मीही त्यांच्यातलीच निघाले, तेही सांगणार आहे.

ती बाई म्हणजे आमच्या शेजारच्या विनोदिनीकाकू. वाईत आमची आणि त्यांची भिंत एक. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या असतील. बुटक्या, गोऱ्या, अंगाने भरलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बोलायच्या कमी आणि हसायच्या जास्त. माहेर सांगलीचं. पाच बहिणींतली तिसरी, सतराव्या वर्षी वाईत दिली. सासू कडक होती. घरात अकरा माणसं, आणि काकूंचं पान सगळ्यांत शेवटी. शेवटी म्हणजे पातेल्याच्या बुडाशी लागलेला भात आणि डाळ खाली बसल्यावर वर राहिलेलं आमटीचं पाणी. हे त्यांनी मला रडत सांगितलं नाही, शेंगा फोडता फोडता सांगितलं. राग मलाच आला. सासू गेली, दीर वेगळे झाले, दोन मुलगे शिकून एक पुण्याला आणि एक बडोद्याला गेला. घरात उरले काकू आणि त्यांचे यजमान वामनकाका, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, सडपातळ, गोडाचे शौकीन. कितीही खाल्लं तरी त्यांना काही होत नसे.

मी बाजारपेठेतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. लोकांचं रक्त काढायचं, लघवी तपासायची. घरी आले की सासूबाई मला दारातूनच मोरीकडे पिटाळायच्या, आधी आंघोळ आणि मग बाकी सगळं. त्यांना माझ्या कामाची किळस होती. मला त्यांच्या कशाची किळस होती ते कुणी विचारलं नाही.

आमच्या आळीत काकूंना भलतीच मागणी होती, आणि ती का होती हे कळायला मला वर्ष लागलं. घराघरांत कुळधर्म. श्रावणातले शुक्रवार, गौरी, नवरात्र, चैत्रातलं हळदीकुंकू, कुणाचं बोडण, कुणाचं उद्यापन. प्रत्येक वेळी सवाष्ण जेवायला लागते. ती नवरा असलेली हवी, मुलंबाळं झालेली हवी, सोवळंओवळं जाणणारी हवी. आळीतल्या म्हाताऱ्या बहुतेक विधवा. तरुण सुना बँकेत नाहीतर शाळेत नोकरीला. उरलेल्यांपैकी कुणीतरी नेमकी त्याच दिवशी बाजूला बसलेली. काकूंची पाळी केव्हाच थांबली होती. आदल्या दिवशी निरोप गेला आणि आयत्या वेळी अडचण आली, असं त्यांच्या बाबतीत कधीच व्हायचं नाही. म्हणून सगळ्यांना त्याच हव्या असायच्या. हे गणित सगळ्या बायकांना ठाऊक होतं. तोंडाने मात्र म्हणायच्या, विनोदिनीच्या चेहऱ्यावर लक्ष्मी आहे हो.

एक्याण्णव साली आमच्याकडे आणि काकूंकडे धुणंभांडी करणारी बनाबाई मला म्हणाली, "ताई, काकूंच्या मोरीत मुंग्यांची रांग लागतीया. रोज धुती तरी लागतीया." बनाबाई मेढ्याकडची. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण डोळे उघडे ठेवून काम करायची. मी काकूंना बाटली दिली. लॅबमध्ये परीक्षानळीत निळं औषध घेतलं, लघवीचे आठ थेंब टाकले आणि तापवलं. साखर नसली तर ते निळंच राहतं. काकूंचं आधी हिरवं झालं, मग पिवळं, आणि मग थेट विटकरी. जेवणानंतरचं रक्त काढलं तर तीनशेच्या वर.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. दोन वेळा ज्वारीची भाकरी, भरपूर पालेभाजी, उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, ताक. भात मूठभर. साखर बंद, गूळ बंद. उपास करायचा नाही आणि एकदम पोटभरही जेवायचं नाही. थोडं थोडं, पण वेळच्या वेळी. सकाळी न्याहारीआधी एक गोळी, आणि गोळी घेतली की अर्ध्या तासात खाल्लंच पाहिजे. काकूंनी एखाद्या हुशार मुलीसारखं सगळं लक्षात ठेवलं. घरी त्या इतकं चोख पथ्य करायच्या की माझ्याच्याने झालं नसतं. चहा बिनसाखरेचा. भाकरी दीड, तीही तळहाताएवढी. वामनकाका समोर बसून श्रीखंड चाटायचे, तेव्हा या मेथीची भाजी चावत बसायच्या.

पण हे निरोप नसेल त्या दिवशीचं. एका श्रावणात मी बोटांवर मोजलं, काकूंची चौदा जेवणं झाली. सवाष्णीच्या पानात पुरणपोळी पडते. ती अर्धी नसते, आणि एक वाढून कुणी थांबत नाही. वर तुपाची धार, वाटीत कटाची आमटी, वरणभाताची मूद, भजी, खीर, शेवटी आणखी भात. पानात टाकायचं नाही. सवाष्ण अर्धपोटी उठली तर देवी अर्धपोटी उठली असं मानतात. दोन्ही बाजूंनी आग्रह. नको म्हणून हात आडवा केला तर हातावर वाढतील. मी एकदा पाहिलं, काकूंनी खरंच पानावर हात धरला होता आणि यजमानीणबाईंनी गरम पोळी त्यांच्या मनगटावर ठेवली. सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. मनगटावर तूप ओघळत होतं.

मी वामनकाकांना जाऊन सांगितलं की हे थांबवा. ते म्हणाले, देवीचं अन्न कुणाला बाधत नाही. अधिक महिन्यात दोघांना जोडीने, मेहूण म्हणून बोलावणी यायची. तेहतीस अनारशांचं वाण मिळायचं आणि त्यातले निम्मे काका वाटेतच संपवायचे. ते कशाला थांबवतील?

काकूंना मी चिडून विचारलं, तुम्ही नाही का म्हणत नाही? त्या शेंगा निवडत होत्या. हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "ज्ञानदा, आयुष्यात मला कुणी आधी वाढलं असेल ना, तर ते सवाष्ण म्हणूनच. पाटाभोवती रांगोळी काढतात, पाय धुतात, माझं झाल्याशिवाय घरातले पुरुष पानावर बसत नाहीत. आज नको म्हटलं तर उद्या दुसरीला बोलावतील. एकदा सवय मोडली की परत नाही कुणी विचारत."

मी त्यांच्यापुढच्या मूठभर शेंगा ओढून निवडायला लागले. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्या मानासाठी बाई आपलं शरीर सडवते आहे तो मान कसला, हे त्यांना कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

काकूंनी स्वतःचीच एक युक्ती काढली होती आणि ती त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितली. जेवायला जायचं त्या दिवशी सकाळी काही खायचं नाही, आणि एका गोळीऐवजी दोन घ्यायच्या. म्हणजे दुपारचं पुरण आपोआप जिरतं. मी कपाळाला हात लावला. नैवेद्य दाखवल्याशिवाय सवाष्णीने तोंडात पाणी घालायचं नाही, आणि आमच्या आळीत नैवेद्य कधी दीड वाजता, कधी दोन वाजता. दोन गोळ्या पोटात घेऊन ही बाई दोनपर्यंत कोरडी बसणार. मी त्यांना म्हटलं, काकू, एक दिवस पाटावरच चक्कर येऊन पडाल. त्या म्हणाल्या, देवीच्या घरात काही होत नाही.

चौऱ्याण्णव सालची नवरात्रातली अष्टमी आमच्याच घरी होती. मी मुद्दाम सासूबाईंना सांगून गेले होते की काकूंना बारा वाजता जेवायला बसवा. त्या हो म्हणाल्या. पावणेदोनला बनाबाई धापा टाकत लॅबच्या दारात आली. "ताई, चला बिगीनं. काकूंच्या अंगात देवी आली म्हनत्यात. मला काय ती देवी वाटत न्हाई. बाईनं सकाळधरनं पानी बी घेतलं न्हाई."

मी हातमोजे काढायलाही थांबले नाही. घरात शिरले तर माजघरात पाच-सहा बायका दाटीवाटीने उभ्या, धूप घातलेला, पुरणाचा वास भरून राहिलेला. मधे पाटावर काकू. डोकं मागे टाकलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, सर्वांग थरथरतंय, चोळी पाठीला चिकटलेली, घाम हनुवटीवरून गळतोय. कपाळावर कुणीतरी कुंकवाचा मळवट भरलेला आणि तो घामाबरोबर नाकावर ओघळत आलेला. सासूबाई निरांजन ओवाळत होत्या. कोपऱ्यावरच्या घरातल्या एक बाई, शाळेत गणित शिकवायच्या, त्या काकूंच्या पायाशी वाकून विचारत होत्या की आमच्या मुलीचं यंदा जमेल का. काकूंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नुसतं "द्या, द्या" असं काहीतरी घोगरं येत होतं. त्यावर त्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "साडी देईन, आई. खणानारळाने ओटी भरीन."

ती बाई खायला मागत होती. समोर पोळ्यांची चवड होती, आणि कुणाच्याही डोक्यात आलं नाही की हिला घासभर काही द्यावं.

मी सगळ्यांना ढकलून पुढे गेले. देवापुढच्या नैवेद्याच्या ताटात गूळखोबऱ्याची वाटी होती. हातमोजे ओढून फेकले, वाटीतला गूळ बोटांनी चुरडला आणि काकूंच्या गालाच्या आतून चोळला. सासूबाई किंचाळल्या, अगं नैवेद्य दाखवायचाय अजून, आणि त्या लघवीच्या हातांनी! मी ऐकलंच नाही. बनाबाई साखरेचं पाणी घेऊन आली. काकूंना गिळता येतंय हे पाहून चमच्याने पाजलं. दहा मिनिटांनी थरथर थांबली. काकूंनी डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलल्या तर, "नैवेद्य झाला का?"

सासूबाईंनी पुन्हा सगळा नैवेद्य केला. ताट विटाळलं होतं ना. तीन वाजता काकूंना पुन्हा त्याच पाटावर बसवलं, आणि त्या अडीच पोळ्या जेवल्या. मी मोरीत जाऊन ओकले.

या प्रकाराने तरी आळीला शहाणपण येईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. विनोदिनीच्या अंगात देवी येते, अशी बातमी घाटावर गेली, तिथून पलीकडच्या आळ्यांत गेली. निरोप दुप्पट झाले. साताऱ्याहून कुणाची तरी मावशी मुद्दाम आली. मी जो भेटेल त्याला सांगत होते की ती रक्तातली साखर उतरली होती, चार चमचे साखरपाण्याने बरी झालेली देवी कुणी पाहिली आहे का? बायका माझ्याकडे दयेने पाहायच्या. त्या गणिताच्या बाईंच्या मुलीचं लग्न खरोखरच त्या वर्षी जमलं, मग तर बोलायलाच नको.

पंच्याण्णवच्या आषाढात काकूंच्या पायाला लागलं. एका घरी पाटाची पितळी फुली निघून टोक वर आलं होतं. उठताना अंगठ्याशेजारच्या बोटाला खालून चिरलं. काकूंना कळलंच नाही, कारण पायांना कधीचीच बधिरता आली होती. फरशीवर रक्त पाहून कुणाला तरी वाटलं, कुंकू सांडलं. तसंच चालत घरी आल्या. चार दिवसांनी बनाबाईने पाय धुताना पाहिलं, तेव्हा बोट जांभळं झालं होतं आणि दाबलं की पू येत होता.

डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर बोट काढावं लागेल, आणि तिथेही थांबलं नाही तर पाऊल. साताऱ्याला सर्जनकडे पाठवायची चिठ्ठी त्यांनी तेव्हाच लिहून ठेवली, तारीख तेवढी मोकळी ठेवली. श्रावण पंधरा दिवसांवर आला होता.

मग मी आळीत घरोघर फिरले. प्रत्येकीला सांगितलं, काकूंना बोलवा, मान द्या, पाय धुवा, ओटी भरा, पण पानात भाकरी, भाजी, उसळ, कोशिंबीर वाढा. पुरणपोळीचा एक घास शास्त्रापुरता. आणि बारा वाजता जेवायला बसवा. इतकं काही अवघड मागत नव्हते मी. कुणी नाक मुरडलं, कुणी विषय बदलला. एक बाई म्हणाल्या, सवाष्णीच्या पानात भाकरी, असलं अभद्र आमच्या घरात झालेलं नाही. दुसऱ्या हो हो म्हणाल्या, आणि शुक्रवारी काकू जेवून आल्यावर मी विचारलं तर कळलं की चार पुरणपोळ्या वाढल्या होत्या. मी तडक त्यांच्याकडे गेले. त्या मला समजावत म्हणाल्या, "अगं, साखरेचा कण नाही घातला हो. सगळी गुळाची होती. घरच्या उसाचा गूळ, कुंडलहून भावाने पाठवलेला. तो कशाला बाधतोय?"

साखरेला घाबरायचं आणि गुळाला भजायचं, हे मी तेव्हापासून हजार ठिकाणी ऐकलं. अजून ऐकते. रक्ताला तो गूळ कुठल्या गावचा आणि कुणाच्या भावाचा हे समजत नाही, एवढंही लोकांना सांगावं लागतं.

सासूबाईंशी तर माझं कडाक्याचं भांडण झालं. त्यांचं म्हणणं एकच, तुझ्या दवाखान्याचे नियम देवघरात आणू नकोस. माझ्या नवऱ्याने, पुष्करने, दोघींच्या मधे वर्तमानपत्र धरलं. मी काकूंनाच म्हटलं, ताप आलाय म्हणून सांगा, पोट बिघडलंय म्हणून सांगा, काहीही सांगा. पायाचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, "पायाला काय, बरा होईल गं. पण बोलावणं परतवलं आणि कुणाचं काही वाईट झालं, तर माझ्या नावावर यायचं."

तो श्रावण मी विसरणार नाही. काकू पायाला पांढरी चिंधी गुंडाळून, वामनकाकांच्या हाताचा आधार घेत या घरातून त्या घरात जायच्या. चिंधीतून पिवळं पाणी झिरपायचं. पायाला वास येऊ लागला होता, गोडसर, कुजका. जवळ बसलेल्या माणसाला तो आल्याशिवाय राहत नव्हता. घरोघर काय केलं असेल? उदबत्त्या वाढवल्या. पाय धुताना चिंधी बांधलेला पाय सोडून दुसऱ्याच पायावर पाणी घातलं. आणि वाढलं तेच. ज्या बाईच्या पायाला हात लावायची शिसारी येत होती, तिच्या पानावर तूप ओतताना कुणाचा हात आखडला नाही. माझ्या व्यवसायात मी रोज रक्त, पू, थुंकी पाहते. एवढी घाण मी कधी पाहिली नव्हती.

दिवाळीपर्यंत बोट काळं पडायला लागलं. सर्जनच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी तारीख टाकली, डिसेंबरातली. काकूंनी ती देवापुढे ठेवली.

आणि मार्गशीर्षात वामनकाका गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीतच मान टाकली. ज्यांना आयुष्यभर काही झालं नव्हतं, त्यांना एकदाच सगळं झालं. दोन्ही मुलगे आले, दिवस झाले, मुलगे गेले. आई आमच्याकडे चल असं दोघेही म्हणाले, पण म्हणताना घड्याळाकडे पाहत होते. काकू वाईतच राहिल्या. सर्जनची तारीख त्या गडबडीत निघून गेली. डॉक्टर म्हणाले, जखम वाढत नसेल तर महिनाभर पाहू.

त्या दिवसानंतर काकूंकडे एकही निरोप आला नाही.

मी अतिशयोक्ती करत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, चैत्रगौर झाली, अधिक आषाढात घरोघर मेहुणं जेवली, अनारशांची वाणं गेली. काकूंच्या दारावरून बायका जरीच्या साड्या नेसून जायच्या, आणि दार आलं की आपसांतलं बोलणं वाढवायच्या. जिच्या चेहऱ्यावर लक्ष्मी होती, जिच्या अंगात देवी येत होती, तिला आता कुणी चहालाही बोलावलं नाही. अपशकुन नको ना. देवी बहुधा वामनकाकांच्या नावावर येत असावी.

काकूंच्या घरी चूल दोनदाच पेटायची. बनाबाई मेढ्याहून नाचणीचं पीठ आणायची आणि शेजारी बसून भाकरी थापून द्यायची. बारा वाजता भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ, ताक. संध्याकाळी सातला तेच. सकाळी एक गोळी आणि लगेच न्याहारी. दुसरं काही करायचंच उरलं नव्हतं. मी संध्याकाळी पायाची पट्टी बदलायला जायची. माघात वास कमी झाला. फाल्गुनात जखमेच्या कडा लाल दिसायला लागल्या, आतून नवं मांस भरत होतं. काळं पडलेलं बोट टोकाशी थोडं झडलं आणि बाकीचं वाचलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा, आणि त्या आनंदाचीच मला चीड आली.

आता माझं सांगते. शहाण्णवच्या श्रावणातला दुसरा शुक्रवार आमच्या घरचा. आदल्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात कुंकवाचा करंडा दिला आणि नदीकडच्या टोकाला नव्याने राहायला आलेल्या एका बाईंना सवाष्ण म्हणून निरोप द्यायला सांगितलं. मी म्हटलं, काकूंना का नाही? त्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू मी काही घाणेरडं बोलले. नाहीतरी तुलाच नको होतं ना तिने जेवायला यायला, मग झालं की तुझ्या मनासारखं, असं म्हणाल्या. मी भांडू शकले असते. करंडा खाली ठेवू शकले असते. पण घरात आधीच वर्षभर धुसफूस चालू होती, मला कंटाळा आला होता. मी गेले.

काकू ओट्यावर बसून पालक निवडत होत्या. माझ्या हातातला करंडा त्यांना दिसला. चाळीस वर्षांची सवय. त्यांनी मांडीवरची भाजी बाजूला केली, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि उठायला लागल्या, कुंकू लावून घ्यायला. अर्धवट उठल्या आणि थांबल्या. मग परत बसल्या, पदर तसाच धरून. मी, दवाखान्याच्या गप्पा मारणारी, घरोघर फिरून बायकांना शहाणपण शिकवणारी, म्हणाले, "जरा पुढे जाऊन येते हं, काकू." त्या म्हणाल्या, "ये हो." मी करंड्यावर पदर घातला आणि पुढे गेले. आळीतल्या सगळ्या बायकांची मला किळस होती. त्या दिवशी रांगेत स्वतःलाही उभं केलं आणि अजून तिथेच आहे.

पुढच्या आठवड्यात काकूंची तपासणी होती. नळीतलं औषध मी तापवलं, उकळी आली, मी वाट पाहत राहिले. ते निळंच राहिलं. पुन्हा केलं, पुन्हा निळं. उपाशीपोटीचं रक्त एकशे चार. मी रिपोर्ट लिहिला आणि काकूंना घेऊन डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर रिपोर्ट पाहून खुर्चीतून उठलेच. पाय उलटसुलट करून पाहिला. इतके खूश झाले की काकूंना बाहेरच्या बाकांजवळ घेऊन आले. तिथे दहा-बारा मधुमेही आपापल्या बाटल्या घेऊन बसले होते. डॉक्टर त्यांना म्हणाले, बघा या बाई, वर्षापूर्वी पाऊल काढायची वेळ आली होती, नुसत्या आहाराने पाय वाचवला. मी सांगून तुम्ही ऐकत नाही, आता यांच्या तोंडून ऐका. आणि काकूंकडे वळून म्हणाले, "सांगा यांना, काय केलंत तुम्ही?"

सगळे काकूंकडे पाहायला लागले. काकूंनी मोकळ्या कपाळावरून हात फिरवला.

"आमचे हे गेले," त्या म्हणाल्या.

डॉक्टर जरा गडबडले. "हो, कळलं मला. फार वाईट झालं. पण ते राहू दे, पथ्याचं सांगा."

"तेच सांगतेय," काकू म्हणाल्या.